पोटखराबाची पाहणी : बागेतल्या, शेतातल्या नाजूक जागा कशा ओळखायच्या आणि कशा राखायच्या

सातबारा हातात घ्या आणि लागवडीचं क्षेत्र सोडून 'पोटखराब' लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवा. पाहणीची सुरुवात तिथून करायची. कोकणातल्या राजापूर तालुक्यात, माझ्या सासरी, पंधरा-सोळा गुंठ्यांपासून पाच-सहा एकरांपर्यंतचे पोटखराबाचे तुकडे जवळजवळ प्रत्येक गटात आहेत. कुठे कातळसडा, म्हणजे सपाट खडकाळ माळ, कुठे पऱ्याचा (ओढ्याचा) काठ, कुठे झऱ्याभोवतीची दलदल, कुठे गडग्यापलीकडचं, म्हणजे दगडी कुंपणापलीकडचं रान. महसूल खात्याच्या दृष्टीने 'खराब' म्हणजे जिथे पीक निघत नाही ती जमीन. तो हिशोब शेतसाऱ्याचा होता आणि त्याच्यापुरता बरोबरही होता. पण आपल्या बावीला (विहिरीला) एप्रिलात पाणी राहतं की नाही, हे याच खराब्यावर ठरतं.

'अ' वर्गातला, म्हणजे खडकाळ वगैरे असल्यामुळे लागवडीला अयोग्य ठरवलेला, पोटखराब लागवडीखाली आणायची वाट आता मोकळी झाली आहे. जेसीबी ताशी भाड्याने मिळतो, सुरुंग लावणारे गावोगाव आहेत, आणि काजू-आंब्याची कलमं कातळावरही जगवता येतात हे लोकांनी पाहिलं आहे. त्यामुळे सड्यावर खड्डे मारण्याआधी, पऱ्याला यंत्र लावण्याआधी एक वर्ष थांबून पाहणी करा, हे माझं पहिलं सांगणं. वर्षभर कशाला, असं विचारतील. कारण आपल्याकडे एकच जागा चार ऋतूंत चार वेगळ्या जागा असतात. मे महिन्यात सडा बघणारा माणूस 'इथे काय आहे, नुसता दगड' असंच म्हणणार.

एक गोंधळ आधी दूर करते. 'संवेदनशील क्षेत्र' म्हटलं की आमच्याकडे लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण त्यांना पश्चिम घाटातली गावं संवेदनशील ठरवणारी अधिसूचना आठवते. गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन यांचा 2013 चा, आणि मसुदा अधिसूचना 2014 पासून पुन्हा पुन्हा निघत आल्या आहेत. त्या मसुद्यांत खाणी, मोठी बांधकामं, जास्त प्रदूषण करणारे उद्योग यांवर बंधनं आहेत, शेतीवर बंदी नाही. पण तो नकाशा गावं मोजतो. मी सांगते आहे ती पाहणी गुंठे मोजते आणि ती करायला कोणाची परवानगी लागत नाही. जागा लहान आहे म्हणून ती बिनमहत्त्वाची, असंही धरू नका. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात सापडलेल्या एका लहान माशासाठी ती जागा 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. क्षेत्र जेमतेम दोन हेक्टरांच्या आसपास.

काय जवळ घ्यायचं

सातबारा, गटाचा नकाशा (ऑनलाइन भूनकाशावर मिळतो, छापून घ्या), दोनशेपानी वही, पेन्सिल, कारण पावसात पेन फुटतं. मोबाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश टिपता येतात ते बघून ठेवा. 15 लिटरची बादली. पारदर्शक बाटल्या. तेलाचा रिकामा डबा, दोन्ही बाजूंनी कापलेला. पायात गमबूट आणि हातात काठी, हे विसरू नका. आमच्या सड्यावर फुरसं (विषारी साप) असतं, दगडाच्या रंगात मिसळून जातं. दगड हाताने उलटायचा नाही, काठीने, आपल्या दिशेने उचलून, म्हणजे आडोसा आपल्याकडे राहतो. आणि उलटलेला दगड जसा होता तसा परत ठेवायचा. त्याच्या खालची ओल हेच कोणाचं तरी घर असतं.

घरातलं एखादं म्हातारं माणूस सोबत असेल तर निम्मं काम झालंच. माझ्या सासूबाईंना कोणती बाव कोणत्या झऱ्यावर आहे, कुठल्या साली आटली, कोणत्या कोंडीत (पऱ्यातल्या डोहात) गुरं पाणी प्यायची, हे सगळं पाठ होतं. त्यांचं बोलणं मी वहीत तारखा न घालता लिहून घेतलं, नंतर पडताळलं. असं ऐकीव ज्ञान आणि आपली नोंद वेगवेगळ्या रंगांनी लिहा.

कधी चालायचं

पहिली फेरी शिमगा झाल्यावर, मार्च ते मे. या फेरीत फक्त पाणी बघायचं. सगळं वाळलेलं असताना कुठे हिरवं गवत टिकून आहे, कुठे माती दाबली की ओल लागते, कुठल्या उंबराखाली पाखरं जमतात, कुठे रानडुकराने चिखल उकरला आहे. अशी प्रत्येक जागा नकाशावर निळ्या पेन्सिलीने गोल करा.

दुसरी फेरी मृगाच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत. छत्री घ्या आणि पाणी कसं धावतं ते बघा. माझ्या मते चारही फेऱ्यांत ही सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक टाळतात. सड्यावरचं पाणी कुठल्या कडेने खाली उतरतं, कुठे साचतं, कुठे भेगेत गडप होतं, गढूळ कुठून येतं. याच दिवसांत मासे शेतांकडे चढतात. चढणीच्या माशांची वाट म्हणजे पऱ्या, पाट आणि कुणग्याचा (भातखाचराचा) मोडका बांध. ही वाट नकाशावर बाणांनी काढा. तिथे पुढे मोरीचा पाइप घालायची वेळ आली, तर तो पऱ्याच्या तळाच्या पातळीला बसवायचा. वर उचलून बसवला की मासा चढू शकत नाही. मासे धरणाऱ्यांशी भांडू नका, पण अंडी घालायला चढणारा मासा सरसकट धरून काढला तर पुढच्या साली काय, एवढं विचारायला हरकत नाही.

तिसरी फेरी श्रावण-भाद्रपदात. सडा बघायचा तो आत्ता. चौथी कापणीनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात : झऱ्यांचं मोजमाप, रानमोडी हे तण कुठे पसरलं, वणव्याची वाट कुठून असेल.

सडा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज सड्याबद्दल आहेत.

आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो आणि तरी मे महिन्यात वाड्यांना टँकर येतो. पडलेलं पाणी उतारावरून काही तासांत खाडीला जातं. जे राहतं ते बरंचसं जांभ्या दगडात राहतं. सड्याचा वरचा कातळ कठीण दिसतो, पण त्याला भेगा आहेत, भोकं आहेत, पोकळ्या आहेत. खोलगट जागी साचलेलं पाणी हळूहळू त्यांतून आत उतरतं. जांभ्याखाली चिकण मातीचा थर लागला की ते अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला, उताराच्या पोटात झरा होऊन बाहेर येतं. म्हणूनच आमच्या बऱ्याच वाड्या सड्यावर नाहीत, सड्याच्या पायथ्याशी आहेत. जुन्या लोकांनी घरं पाणी बघून बांधली.

आता त्या खोलगट जागेला चर मारून पाणी वाहतं केलं, किंवा सुरुंग लावून खड्डे पाडले आणि खालून आणलेली माती भरली, तर पाणी मुरण्याची ठिकाणं बदलतात. खालचा झरा लगेच आटेल असं मी म्हणणार नाही, कधी आटत नाहीही. पण बदल झाला तर तो मागे फिरवता येत नाही.

जुलैपासून सड्यावर काय काय उगवतं ते मांडी घालून बसून बघावं लागतं, उभ्याने दिसत नाही. पावसाच्या सुरुवातीला दीपकाडी, पांढऱ्या फुलांची. तिच्यातली एक जात मुख्यतः कोकणातच सापडते. पुढे बोटभर मातीत गेंदाचे पांढरे ठिपके, सीतेच्या आसवांची जांभळी-निळी फुलं, दवबिंदूची चिकट लाल पानं. शेवटच्या दोन वनस्पती किडे पकडून खातात, कारण या मातीत नत्र फारसं नाही. इथे खत टाकलंत, किंवा वरच्या बाजूच्या बागेतलं खत धुऊन आलं, तर यांची जागा गवत घेतं. भूक हीच यांची राखण आहे.

नोंद अशी करा. सड्याचे भाग पाडा : पाणी साचणारी डबकी, भेगा, पातळ मातीचा थर, मोकळे दगड, कडेची झुडपं. प्रत्येक भागात दर पंधरा दिवसांनी त्याच जागी उभं राहून फोटो काढा. जागा सापडावी म्हणून दगडाला चुना लावायचा मोह होतो, तो नको, अक्षांश-रेखांश पुरतात. डबक्यात पाणी किती तारखेपर्यंत टिकलं ते लिहा. त्यात बेडकाची पिल्लं आहेत का, आणि पाणी आटण्याआधी त्यांना पाय फुटले का, हे बघा. पाय फुटण्याआधी डबकं आटलं तर त्या वर्षीची पिल्लं गेली. टिटवी कुठे उठते, ओरडत डोक्यावर फिरते, तिथे अंडी समजा आणि लांबून जा.

सरळ रेषा, गोल, माशाचा किंवा माणसाचा आकार, खोबणीत माती आणि गवत भरलेलं असं काही दिसलं तर खरवडू नका. आमच्या तालुक्यातली कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. अजून मातीखाली किती आहेत, कोणी सांगावं. फोटो काढा, जागा टिपा, ग्रामपंचायतीला कळवा.

सडा राखायचा म्हणजे बहुतेक वेळा काहीच करायचं नाही. हे लोकांना पटत नाही. सर्वांत त्रासदायक असतात ते झाडं लावायला येणारे. दरवर्षी पावसात कोणी ना कोणी 'ओसाड' सड्यावर रोपं लावायचा कार्यक्रम घेतं, फोटो निघतात, आणि जगतं ते आकेशिया. त्याचा पाला कुजत नाही, खाली गवत येत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. सडा हे तुटलेलं जंगल नाही. तो आधीपासूनच असा आहे. रोपं लावायची हौस असेल तर खाली पऱ्याच्या काठाला भरपूर जागा आहे, तिकडे वळवा त्यांना.

पावसाळ्यात सड्यावर गाडी नेऊ नका. बोटभर मातीवर टायरची चाकोरी पुढची कित्येक वर्षं दिसते. गवत कापायचं ते बी पडल्यावर, दसऱ्यानंतर. गुरं चरायला हरकत नाही, थोडी चराई बरीच, पण फुलोऱ्याचा महिना-दीड महिना डबक्यांचा भाग सोडा. कलमं लावायचीच असतील तर जिथे निदान कमरेइतकी माती आहे अशी कडेची पट्टी निवडा. सुरुंगाचा खड्डा, भरायची माती, पहिली तीन वर्षं पाण्याचा टँकर, असा सगळा खर्च कागदावर मांडून बघा. तेवढ्याच पैशात जुन्या बागेतल्या म्हाताऱ्या कलमांची छाटणी आणि खत नीट केलं तर काय हाती येईल, तेही शेजारी लिहा. आमच्या घरी या दोन आकड्यांनीच वाद मिटला.

झरा : बादली आणि घड्याळ

झऱ्याखाली 15 लिटरची बादली धरा आणि भरायला किती वेळ लागतो ते मोजा. तीनदा मोजून मधला आकडा घ्या. पन्नास सेकंद लागले तर मिनिटाला 18 लिटर, दिवसाला जवळजवळ 26 हजार लिटर. हीच बादली एप्रिलात भरायला पाच मिनिटं घेत असेल तर दिवसाला 4,320 लिटर. आता घरं किती, गुरं किती, शिंपण्याची कलमं किती, ते मांडा. शंभर नवी कलमं, प्रत्येकाला आठवड्याला 15 लिटर धरले तरी दीड हजार लिटर आठवड्याला गेले. हा हिशोब लागवडीआधी करायचा असतो, मे महिन्यात नव्हे.

मोजणी महिन्यातून एकदा, ठरलेल्या तिथीला करा. मी संकष्टीला करते, लक्षात राहते म्हणून. दोन वर्षांच्या नोंदी झाल्या की पाऊस थांबल्यावर झरा किती वेगाने उतरतो ते दिसतं. उतरण्याचा वेग अचानक वाढला तर वरच्या बाजूला काय बदललं ते शोधायला निघा : नवा रस्ता, चिरेखाण, बोअरवेल, खणलेला चर.

झऱ्याच्या तोंडाशी सिमेंट करू नका. टाकी हवी तर खाली चार-पाच मीटरवर बांधा. वरच्या बाजूला, जिथून पाणी येतं असं वाटतं तिथे, निदान वीस-पंचवीस मीटर फवारणी, खत, शेणखताचा ढीग, शौचालयाचा खड्डा काही नको. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे. उतार जास्त असेल, दगड भेगाळ असेल, तर वाढवा.

इथेच आंब्याच्या औषधांचं बोलून घेते. पॅक्लोब्युट्राझॉल, ज्याला आपण सगळे कल्टारच म्हणतो, ते मोहोर लवकर यावा म्हणून जुलै-ऑगस्टात आळ्यात देतात, म्हणजे ऐन पावसात. ते मातीत बराच काळ राहतं. झऱ्याच्या वरच्या ओळीतल्या कलमांना ते देऊ नका. त्या ओळीचा आंबा थोडा उशिरा आला तर येऊ दे. तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड, लॅम्डा सायहॅलोथ्रिन वगैरे मारताना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक पाळा आणि मोहोर पूर्ण फुललेला असताना पंप बंद ठेवा. आंब्याचं परागीभवन माश्या आणि मधमाश्याच करतात, त्यांनाच मारून फळ कुठून धरायचं? सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे औषध कालवायचं ते पऱ्यावर नाही. पाणी बागेत आणा, तिथे कालवा. पंप आणि ड्रम धुतलेलं पाणीही बागेतच, कोरड्या जागी ओता. लॅम्डा सायहॅलोथ्रिनसारखी औषधं मासे आणि खेकडे यांना फार थोड्या मात्रेत घातक असतात.

पऱ्या आणि त्याचा काठ

पऱ्याची तब्येत बघायला प्रयोगशाळा लागत नाही. वाहत्या पाण्यातला मुठीएवढा दगड उचला आणि खालची बाजू बघा. शेपटीला तीन केस असलेल्या चपट्या अळ्या सरपटताना दिसल्या तर पाणी चांगलं. नुसत्या लाल, दोऱ्यासारख्या अळ्या आणि काळा गाळ असेल तर वरून सांडपाणी येतंय. मोठ्या पावसात वरच्या आणि खालच्या हद्दीवर एकेक बाटली भरा, घरी आणून दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नका. तळाला बसलेला गाळ पट्टीने मोजा. खालच्या बाटलीत गाळ जास्त असेल तर माती आपल्या जमिनीतून जाते आहे, शेजाऱ्याच्या नव्हे.

आता तेलाचा डबा. बागेत दोन-तीन बोटं जमिनीत दाबून बसवा, बादलीभर पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो ते बघा. एकदा जुन्या झाडाच्या सावलीत, एकदा जिथे जेसीबी फिरला तिथे. फरक बघून घरातल्या पुरुषमंडळींना मी काही बोलले नाही, डबा तसाच ठेवला.

काठावरची झाडं राखा : करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज, केवडा, बांबूची बेटं. दोन्ही बाजूंना जमेल तेवढी पट्टी सोडा. दहा मीटर सुटली तर उत्तम, कुणगे अगदी काठाला असतील तर तीन मीटरही चालेल, पण अखंड हवी. बेणताना, म्हणजे गवत-झुडपं साफ करताना, या पट्टीत कोयता घालायचा नाही. ढासळणाऱ्या जागी वाळा लावा, पावसाच्या तोंडावर, वीतभर अंतराने, उताराला आडवा. यंत्राने पऱ्या 'सरळ' करायची टूम मध्येच येते. पऱ्याची वळणं आणि कोंडी काढल्या की पाणी जोरात जातं आणि खालच्या माणसाचा बांध फोडतं. कोंडीत सुरुंग किंवा ब्लिचिंग पावडर टाकून मासे मारणारे प्रत्येक गावात दोन-चार असतात, त्यांना ग्रामसभेत नाव न घेता सुनावलेलं बरं लागतं.

ऑक्टोबरअखेर पोत्यांचा कच्चा बंधारा घालायचा तो पाणी वरून सांडत राहील असा. खालचा पऱ्या पूर्ण कोरडा पाडायचा नाही. आणि पोती मे महिन्यात काढायची, नाहीतर प्लास्टिकच्या चिंध्या पुढे खाडीत कांदळवनाच्या मुळांना लोंबतात.

देवरहाटी, वरकस आणि वणवा

देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, गावच्या किंवा सरकारच्या नावावर असते, तरी तिला लागून तुमचं रान असेल तर तुमच्या बाजूची कड तुमची जबाबदारी. जुनी सातवीण, बेहडा यांच्या ढोलीत धनेश, ककणेर हे पक्षी घरटी करतात. मादी आत स्वतःला कोंडून घेते आणि फेब्रुवारी ते मे नर तिला चारा पुरवतो. या काळात तिथे दिवे, भोंगे, लाकूडतोड काही नको. पोकळ झालेलं झाड 'पडेल' म्हणून तोडायला निघतात, पण ढोली पोकळ झाडातच असते. वाटेवर झुकलं असेल तर वाट हलवा.

वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) ऐन-किंजळाची कवळं, म्हणजे पालेदार फांद्या, तोडतात. झाडाचा शेंडा आणि वरच्या फांद्या ठेवल्या तर झाड टिकतं. रोपं गादीवाफ्यावर केली तर राब लागतच नाही, भात काही कमी येत नाही.

रानमोडी सप्टेंबर-ऑक्टोबरात, माती मऊ असताना, मुळासकट उपटा. डिसेंबर-जानेवारीत फुलली की बी वाऱ्यावर जातं, मग पुढचा सगळा हंगाम तिच्यामागे.

वणवा आमच्याकडे बहुतेक माणसाच्या हातूनच लागतो : विडी, बांध जाळणं, कधी शिकारी. जाळरेषा डिसेंबरात, पहाटेचं दहिवर असताना, चार माणसं आणि पाण्याची पिंपं घेऊन काढा. दहा फूट रुंद, बागेच्या आणि सड्याच्या कडेने. ज्या बाजूने दुपारचा वारा चढतो ती बाजू आधी.

ठरवायचं कसं

काही लोक जागांना दहापैकी गुण देतात. मला ते पटत नाही. पाण्याला नऊ आणि झाडांना तीन मिळाले की सरासरी सहा येते, आणि सहाला कोणी घाबरत नाही. मी चार प्रश्न विचारते. इथून कोणाचं पिण्याचं पाणी येतं का? इथे असं काही जगतं का, जे माझ्या बाकीच्या जमिनीत नाही? इथली माती धुपून जाईल इतका उतार आहे का? आणि मोडल्यावर हे परत उभं करता येईल का? पडलेला गडगा एका उन्हाळ्यात उभा राहतो, बांध एका पावसाळ्यात, झाडांची सावली तीस वर्षांत. सुरुंगाने उडालेला कातळ कधीच नाही. चौथ्याचं उत्तर 'नाही' आलं तर बाकीचे प्रश्न विचारायचेसुद्धा नाहीत, ती जागा नकाशावर लाल. पहिल्या तिनांपैकी एकाचं उत्तर 'हो' असेल तर पिवळी, म्हणजे वापरा पण अटी लिहून. उरलेली हिरवी, तिथे खुशाल लागवड करा, आणि मन लावून करा. लाल जागा टिकतात त्या हिरव्या जागी चांगलं पिकलं तरच.

नावं चाळीस, राहणारे चार

खरी अडचण कागदावर आहे. आमच्या सड्याच्या सातबाऱ्यावर चाळीसच्या आसपास नावं आहेत, निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत. असा सामाईक सडा चिरेखाणीला किंवा दलालाला जातो तो कोणी वाईट असतं म्हणून नाही, कोणी कोणाला विचारलेलंच नसतं म्हणून. म्हणून नकाशा दाखवायचा तो गणपतीत किंवा शिमग्यात, चाकरमानी घरी असतात तेव्हा. आरतीनंतर, जेवणाआधी. भाषण करायचं नाही. झऱ्याचे आकडे आणि श्रावणातले फोटो दाखवायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना सड्यावर घेऊन जायचं. पोरं दवबिंदू बघून आली की आईबापांना विषय कळतो.

मग ग्रामपंचायतीत जा. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे तिथे जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बहुतेक ठिकाणी ती कपाटात असते. मागून घ्या, आपल्या गावचं पान उघडा, झरे, सडे, कोंडी, देवरहाटी त्यात आल्या आहेत का बघा. नसतील तर लेखी अर्ज देऊन आपल्या नोंदी जोडायला सांगा आणि अर्जाची पोच घ्या. ग्रामसभेचा ठराव घेताना गट क्रमांक, जागेचे अक्षांश-रेखांश आणि 'या जागेत काय करायचं नाही' हे एका वाक्यात लिहून घ्या. नुसतं 'संवर्धन करण्यात यावे' लिहिलं तर त्याचा उपयोग शून्य. जागा खरोखरच मोठ्या मोलाची असेल तर याच कायद्याच्या कलम 37 खाली वारसा स्थळाचा प्रस्ताव राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवता येतो, पण तो लांबचा रस्ता आहे. आधी ठराव.

वहीची एक छायाप्रत ग्रामपंचायतीत ठेवा, एक घरच्या मोठ्या पेटीत, आणि फोटो काढून एक मुंबईच्या पुतण्याकडे. दरवर्षी मार्चच्या पहिल्या फेरीला निघण्याआधी मागच्या वर्षीचे झऱ्याचे आकडे नव्या पानाच्या डाव्या बाजूला उतरवून घ्या, उजवी बाजू मोकळी सोडा.